साडेबावीस किलोंच्या गरुडास अनावृत पत्र

रा. रा. शेजारच्या बेंचवरील पैलवान यांसी,
सा. न. वि. वि.

सोमवारी संध्याकाळी अख्ख्या जिमला एकदम छातीची आठवण होते. त्या गर्दीत आपण साडेबावीसची जोडी उचलता आणि मोठ्यानं ‘फ्लाय’ जाहीर करता. पत्रास कारण की, काल आपलं डावं डंबेल माझ्या कानापासून वीतभरावरून गेलं.

आपल्या फ्लायमध्ये पंख कुठं दिसत नाहीत. खाली जाताना कोपर काटकोनात दुमडतं, वर येताना सरळ होतं. याला प्रेस म्हणतात. चांगला व्यायाम आहे, फक्त त्याच्या नावानं हाक मारा. भिंतीवर ज्याचं पोस्टर आहे तो अर्नोल्ड सात वेळा मिस्टर ऑलिंपिया झाला. तो फ्लाय करायचा ते झाडाला मिठी मारल्यासारखं: तळवे समोरासमोर, कोपर किंचित वाकलेलं, आणि तो बाक शेवटपर्यंत प्लास्टरमध्ये घातल्यासारखा कायम. हलायचा तो खांदा.

आता वजनाचं. भरलेली कळशी कमरेवर घेऊन मैलभर चालता येतं; तीच हात लांब करून धरा, दहा पावलांत खांदा बोंबलेल. कळशी तीच, अंतर वाढलं. डंबेल खांद्यापासून 30 ऐवजी 60 सेंटिमीटरवर गेलं की सांध्यावरचा पीळ दुप्पट. म्हणून प्रेसचं वजन फ्लायला चालत नाही. त्यातही सगळ्यात जड जागा तळाची. तिथं छाती ताणलेली असते आणि खांद्याची पुढची बाजू उघडी. वर हात जुळले की भार जवळपास नाहीसाच. आपण नेमके तळाला धपकन जाता आणि वर येऊन डंबेलं ठण्णकन आपटता. त्या घंटेवर कुणी आरती म्हणत नाही हो.

दंड छातीच्या रेषेत आले की थांबावं. थांबवत नसेल तर खाली चटईवर झोपून करा, कोपराला फरशीच अडवेल. खांद्याची पाती मागे आवळलेली, पाय जमिनीवर, वर येताना श्वास बाहेर. एवढं आपल्यालाही ठाऊक असेल.

हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. मीही एकदा कुणीतरी बघतंय म्हणून पंधराची जोडी घेतली होती. उजव्या खांद्यात पुढून कळ आली आणि पुढचे दीड महिने माझा बनियन बायकोनं काढला. तिनं एका शब्दानं विचारलं नाही, तेच जास्त लागलं.

आणि सेट संपल्यावर हात पसरलेले असतानाच वजन सोडून देऊ नका. डंबेलं छातीशी आणा, गुडघे उचलून मांड्यांवर टेकवा, त्यांच्याच झोक्यानं उठून बसा. माझा कानही वाचेल.

कळावे, लोभ असावा.
आपला,
साडेसातवाला

ता. क. मोबाइलला टेकण म्हणून लावलेली साडेसातची जोडी माझी आहे. व्हिडिओ काढून झाला की रॅकवर ठेवावी.