कृपया कचरा टाकू नये

हॉलमध्ये अकरा डस्टबिन होते आणि माझ्या हातातला चहाचा रिकामा कागदी कप टाकायला जागा नव्हती.

प्रसंग नेहमीचाच. इंजिनिअरिंग कॉलेज, एप्रिलचं ऊन, प्रोजेक्टचं प्रदर्शन, दारात रांगोळी आणि रांगोळीत रोबो. मला प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं होतं, कारण ज्यांना आधी बोलावलं होतं त्यांनी आदल्या रात्री फोन बंद ठेवला. शाल, श्रीफळ, एक रोपटं आणि चहा असा यथासांग सत्कार झाला. चहा संपवून, कप हातात धरून मी पहिल्या टेबलापाशी गेलो. तिथे डस्टबिन होताच. हात पुढे केला, झाकण आपोआप वर गेलं. आता कप सोडणार, तोच टाय लावलेली चार पोरं एकदम ओरडली, "सर सर सर, नको!"

आत वायरी होत्या. वायरींच्या गुंत्यात नऊ व्होल्टची बॅटरी होती. आणि बाहेर, सोनेरी अक्षरांतल्या 'स्मार्ट डस्टबिन'च्या खाली सेलोटेपने चिकटवलेला कागद होता: 'कृपया कचरा टाकू नये.'

मी दुसऱ्या टेबलाकडे वळलो. तिथला डस्टबिन ओला आणि सुका कचरा ओळखत असे. त्याच्यावरही कागद होता. तिसरा झाकण उघडताना 'धन्यवाद' म्हणे. पण धन्यवाद मानण्यासारखं काही त्याच्यात कुणी टाकू नये, अशी सूचना होती. चौथा इंटरनेटला जोडलेला होता. भरला की थेट मोबाईलवर मेसेज येतो, असं गटातल्या बोलणाऱ्या मुलाने सांगितलं. (प्रत्येक गटात चौघे असतात. एक करतो, एक बोलतो, एक प्रिंटआऊट काढून आणतो आणि एक असतो.)

"आला का कधी मेसेज?"

"नाही सर. भरलाच नाही कधी."

या झाकणाची गंमत अशी की ते उघडण्यामागचं शास्त्र अगदीच काही हवेतलं नाही. कुंडीच्या तोंडाशी दोन वाटोळे डोळे असतात. एका डोळ्यातून चाळीस हजार हर्ट्झचा आवाज निघतो, आठ ठोक्यांचा. आपले कान वीस हजारांपर्यंतच पोचतात, म्हणून आपल्याला तो ऐकू येत नाही. समोर काही असेल तर आवाज आपटून परत येतो, दुसरा डोळा तो ऐकतो, जायला-यायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढलं जातं. वटवाघळं हेच करतात आणि काळोखात उडता किडा पकडतात. आपण हेच करतो आणि झाकण उघडतो. डोळ्यांची ही जोडी बाजारात शंभर रुपयांच्या आतबाहेर मिळते. त्यामुळे ती अंधांच्या काठीवर होती, पाण्याच्या टाकीवर होती, भिंत दिसली की वळणाऱ्या गाडीवर होती, पार्किंगच्या मॉडेलवर होती. कुठल्याही टेबलाशी गेलो तरी तेच दोन डोळे माझ्याकडे बघत होते. शेवटी शेवटी मला ते ओळखू लागले असावेत.

सातव्या टेबलावर मात्र झाकण उघडेना. हात पुढे केला, मागे घेतला, वरून फिरवला, आरतीसारखा ओवाळला. बोलणारा मुलगा म्हणाला, "सर, काल चालत होतं." मग वायर हलवली गेली, बॅटरी बदलली गेली, गाईड मॅडमचा चेहरा उतरला. एवढ्यात मागून एक मुलगी म्हणाली, "सर, शाल हातावरून बाजूला घ्या. मऊ कापड आवाज शोषून घेतं, परत पाठवत नाही." मी शाल खांद्यावर टाकली. झाकण उघडलं. गटातले चौघेही माझ्याइतकेच चकित झाले. ती मुलगी त्या टेबलाची नव्हतीच. मेकॅनिकलची होती, हाताला ग्रीस होतं आणि ती हॉलमध्ये एक्स्टेंशन बोर्ड मागायला आली होती. बोर्ड मिळाला नाही. सगळे बोर्ड डस्टबिनना लागले होते.

डस्टबिनच्या पोटात एक निळा-हिरवा पट्टा असतो, आर्डुइनो नावाचा. २००५ साली इटलीत तो जन्माला आला, तो डिझाइन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी. इलेक्ट्रॉनिक्स न शिकताही त्यांना दिवे लावता यावेत म्हणून. आपल्याकडे तो चार वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली मुलं वापरतात, त्याच कारणासाठी. त्यात भरलेला प्रोग्राम मी मागून घेऊन वाचला. त्याचा सगळा अर्थ एका वाक्यात मावतो: अंतर वीस सेंटिमीटरहून कमी असेल तर झाकण उघड. या एका 'तर'ला पोस्टरवर 'कृत्रिम बुद्धिमत्ता' म्हटलं होतं. ही जर बुद्धिमत्ता असेल, तर आमच्या मोरीतला पायाने दाबायचा डबा प्रज्ञावंत आहे. त्याला बॅटरी लागत नाही, शाल चालते आणि मुख्य म्हणजे त्यात कचरा टाकता येतो.

कॉम्प्युटरच्या बाजूला डस्टबिन नव्हते, एवढ्यासाठी मी तिकडे गेलो. तिथे 'एआय आधारित फुली-गोळा' होता. मी तीन डाव खेळलो, एक हरलो, दोन बरोबरीत सुटले. "मी जिंकत का नाही?" विचारलं, तर उत्तर आलं, "सर, एआय आहे." अरे बाळा, दोघेही न चुकता खेळले तर फुली-गोळा बरोबरीतच सुटतो, हे शाळेतल्या मागच्या बाकावरच्या पोरालाही पाचवीत कळलेलं असतं. नऊ घरांच्या या खेळात सगळे मिळून २,५५,१६८ वेगवेगळे डाव होऊ शकतात. यंत्र ते शेवटपर्यंत खेळून बघतं आणि ज्यात आपलं नुकसान सर्वांत कमी ती चाल करतं. फार सुंदर कल्पना आहे ती, सांगितली असती तर मी टाळी दिली असती. १९६१ मध्ये ब्रिटनमध्ये ३०४ काड्यापेट्या आणि रंगीत मणी एवढ्याच सामानावर फुली-गोळा खेळायला शिकणारं यंत्र तयार झालं होतं. ते हरलं की त्याचे मणी काढून घेत, जिंकलं की वाढवत. काड्यापेट्या हरता हरता शिकत गेल्या. आमच्या पोराला हरण्याची सोयच ठेवलेली नाही, कारण प्रोजेक्ट त्याने केलेलाच नाही.

मी हे हवेत बोलत नाही. प्रत्येक शहरात इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजाराच्या गल्लीत, मोबाईल दुरुस्तीच्या दुकानाच्या वर, जिना चढून गेलात की रेटकार्ड मिळतं. मॉडेल, प्रोग्राम, पीपीटी, रिपोर्ट, आणि थोडे जास्त दिलेत तर व्हायव्हात विचारले जाणारे प्रश्न उत्तरांसकट. डिलिव्हरीच्या वेळी दुकानदार तुम्हाला अर्धा तास तुमचा प्रोजेक्ट समजावून सांगतो. चार वर्षांतला तो बहुधा सर्वांत चांगला तास असतो. मग काळ्या पुठ्ठ्यात, सोनेरी अक्षरांत ब्लॅक बुक बांधलं जातं, चार प्रतींत. पहिल्या पानावर ईश्वराचे, आईवडिलांचे, प्राचार्यांचे, एचओडींचे आणि ग्रंथपालांचे आभार; दुकानदाराचा उल्लेख नाही, कृतघ्नपणाला सीमा नसते. मी चाळलेल्या एका ब्लॅक बुकात सत्ताविसाव्या पानावर वरच्या कोपऱ्यात मागच्याच्या मागच्या बॅचचं साल तसंच राहिलं होतं. आणि शेवटचं प्रकरण, 'फ्यूचर स्कोप'. त्यात अकराही गटांनी एकच लिहिलं होतं: भविष्यात या डस्टबिनचं मोबाईल ॲप करता येईल. सत्ताविसाव्या पानावरच्या बॅचनेही तेच लिहिलं असणार. भविष्य दर वर्षी जूनमध्ये नव्या बॅचच्या हवाली होतं आणि एप्रिलमध्ये परत येतं, जसंच्या तसं, सेलोटेपसकट. आणि हे सगळं कशासाठी? प्रत्येक पोस्टरच्या पहिल्या ओळीत 'कचरा ही देशापुढील गंभीर समस्या आहे' असं लिहिलेलं. आहे ना! पण ती झाकणाची समस्या कधी होती? आमच्या सोसायटीतला ओला-सुका कचरा पहाटे साडेपाचला एक बाई हाताने निवडतात, काचेने कापलेल्या बोटांनी. संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवायला २०१३च्या कायद्याने बंदी आहे, आणि तरी गटारात गुदमरून माणसं मेल्याची बातमी वाचायला आपल्याला फार दिवस थांबावं लागत नाही. अकरा गटांतल्या चव्वेचाळीस मुलांपैकी एकानेही त्या बाईंना, त्या माणसांना, 'तुम्हाला काय अडतं?' असं विचारलेलं नाही. त्यांच्या गाईडने विचारायला लावलेलं नाही. विचारलं असतं तर कळलं असतं की डब्याचं झाकण उघडताना कुणाचाही हात कापत नाही.

असो. आवाज चढला. आता आमचंही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारा सोवळ्यात बोलतोय. आमचा प्रोजेक्ट ट्रॅफिक सिग्नलचा होता. ५५५ नावाची टायमरची चिप, एक काउंटर, सहा दिवे, थर्माकोलचा चौक. तो मी सीनियरकडून घेतला होता, सीनियरने मासिकातून. फरक एवढाच की आम्हाला तो स्वतः झाळावा लागला. अंगठ्यावर सोल्डरचा डाग अजून आहे. आणि पहिल्या वर्षी लोखंडाचा तुकडा कानशीने घासून घासून काटकोनात आणायचा फिटिंगचा जॉब आम्ही रडत का होईना, केला. हल्ली तोही बाहेरच्या लेथवाल्याकडून आणतात म्हणे. लेथवाल्याला एव्हाना डिग्री द्यायला हरकत नाही.

कप घेऊन मी बाहेर आलो, वर्कशॉपच्या मागे शेडकडे, तिथे तरी पिंप असेल म्हणून. तिथे ती ग्रीसवाली मुलगी आणि तिची टोळी एका उघड्या बग्गीभोवती बसली होती. पाइप वाकवून, वेल्ड करून, रात्री वडापाववर काढून उभी केलेली गाडी. चालत नव्हती. पुढच्या चाकाचा आधार मोडला होता.

"वेल्डिंग तुटलं?"

"नाही सर, वेल्डिंग धरून आहे. त्याच्या शेजारी तुटलंय, हे बघा. उष्णतेने इथलं पोलाद ठिसूळ झालं. आम्ही घाईत गार केलं, आमचीच चूक."

तिने तुटलेला तुकडा माझ्या हातावर ठेवला. तुटलेल्या कडेचा रंग बाकीच्या पाइपापेक्षा वेगळा होता. दोन तासांत 'आमची चूक' हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले.

"हॉलमध्ये का नाही मांडली?"

"दारातून जात नाही सर."

शिवाय परीक्षणाच्या तक्त्यात पहिलाच रकाना होता, 'मॉडेल चालू आहे का: होय / नाही'. ड्रेसकोडला पाच गुण वेगळे. तक्ता माझ्यापुढे आला तेव्हा भरलेला होता. मला फक्त सही करायची होती. केली. शाल पांघरून माणूस आणखी काय करणार?

पहिलं बक्षीस सातव्या टेबलाला, 'धन्यवाद' म्हणणाऱ्याला उत्तेजनार्थ. फोटोग्राफर म्हणाला, "सर, दोन्ही हातांनी कप धरा." माझ्या एका हातात बक्षिसाचा कप होता आणि दुसऱ्या हातात चहाचा. फोटो तसाच आला आहे.

चहाचा कप अजून माझ्या स्कूटरच्या डिकीत आहे.