जमेच्या बाजूचे अण्णा

मुलुंडला त्यांना अण्णा म्हणतात, बोरिवलीला नाना, घाटकोपरला मोटाभाई. माणूस एकच. वय बहात्तर, पायात नातवाने टाकलेले आणि पुढे कापूस कोंबलेले बूट, आणि भेटल्याबरोबर पहिला प्रश्न, "गुडघा कसा आहे?" समोरचा "ठीक आहे" म्हणाला की अण्णा खट्टू होतात.

दोन वर्षांपूर्वी आमचे अण्णा बाथरूममध्ये घसरले. हाड वाचलं, पण तीन आठवडे पलंगावर गेले आणि तेवढ्यात मांड्यांच्या पार काड्या झाल्या. उठले ते काठी धरूनच. मग फिजिओथेरपीची दहा सीटिंग झाली. अकराव्याचे पैसे काढताना मात्र त्यांच्यातला बँकेचा बत्तीस वर्षांचा कॅशियर जागा झाला. "मी उठतो, मी बसतो. तो पोरगा फक्त मोजतो. मोजण्याचे पैसे मी द्यायचे?"

त्या दिवसापासून वन-बीएचकेचा आखाडा झाला. तूरडाळीची किलोची दोन पाकिटं म्हणजे डंबेल्स. वहिनींना आमटी करायची असेल तर सेट संपेपर्यंत थांबावं लागतं. सायकलची जुनी ट्यूब खिडकीच्या गजाला बांधलेली. टाचा उचलताना आधाराला गोदरेजचं कपाट आहे. घड्याळ लागत नाही, कुकर आहे. पहिल्या शिट्टीपासून दुसरीपर्यंत एका पायावर उभं राहायचं. एकदा गॅस संपला, दुसरी शिट्टी झालीच नाही. अण्णा तसेच उभे होते, असं वहिनी सांगतात. वहिनी थोडं वाढवून सांगतात, पण फार नाही.

हिशेब अर्थातच डायरीत, जमा आणि नावे. जमा : खुर्चीतून उठणं १४. नावे : बटाटेवडे २, जावयाकडे आइस्क्रीम १ (आग्रहास्तव). हात छातीवर घडी घालून तीस सेकंदांत खुर्चीतून किती वेळा पूर्ण उभं राहता येतं, ही त्यांची मुख्य परीक्षा. सत्तर ते चौऱ्याहत्तरच्या पुरुषाला निदान १२ जमायला हवेत. अण्णांनी चारापासून सुरुवात केली होती. बारावर पोचले त्या दिवशी सोसायटीत पेढे वाटले. आम्हाला वाटलं नात झाली.

लोकांना १९८३च्या फायनलचा स्कोअर पाठ असतो, तसा अण्णांना १९९०चा बोस्टनचा प्रयोग पाठ आहे. वृद्धाश्रमातली नव्वदीची दहा माणसं, आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम आणि मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढलेली. "स्नायूला जन्मतारीख कळत नाही, वजन कळतं!" हे वाक्य ते लिफ्टमध्ये म्हणतात, कारण तिथून कोणी पळू शकत नाही. दहापैकी नऊच जणांनी प्रयोग पुरा केला. सोडून गेलेला दहावा आपल्या सेक्रेटरीसारखा असणार, असं अण्णांचं मत आहे.

बोस्टन पटलं नाही तर औंध काढतात. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी सत्तर वर्षांचे असताना, १९३८ साली, त्यांचं सूर्यनमस्कारांवरचं इंग्रजी पुस्तक लंडनला निघालं होतं. मुद्दा बिनतोड आहे. फक्त महाराजांच्या वाड्यात पलंग आणि शिलाई मशीन यांच्यामधून नमस्कार घालावे लागत नव्हते. अण्णांच्या पायाची करंगळी याची साक्ष देईल.

पण खरी परीक्षा खुर्चीवर नव्हतीच. गेल्या गणपतीत अण्णा पुन्हा पंगतीला पाटावर बसले आणि जमिनीला हात न टेकता उठले. उठताना चेहरा असा निर्विकार ठेवला होता, की त्यामागे किती महिन्यांची तालीम आहे ते सगळ्यांना कळलं. तेव्हापासून पँटही ते उभ्याने घालतात. लोकलमध्ये कोणी पोरगी उठून "काका, बसा" म्हणाली की त्यांना अपमान वाटतो. विद्याविहारपर्यंत धुसफुसतात आणि कुर्ल्याला बसतात. काठी अजून जवळ असते, पण ती बगलेत. संभाजी मैदानात वाकून चालणाऱ्यांना ते तिने पाठीची दिशा दाखवतात.

परवा अंधेरीला लग्न होतं. घाटकोपरला उतरून मेट्रो पकडायची. मी बावन्न वर्षांचा, म्हणून सरकत्या जिन्याकडे वळलो. अण्णांनी माझ्याकडे दयेने पाहिलं, काठी बगलेत मारली आणि साध्या पायऱ्यांवर घुसले. मी वर पोचलो तर अण्णा आधीच फलाटावर! इंडिकेटरकडे मान उंचावून उभे, बुशकोट पाठीला चिकटलेला.

गाडी लागली. "जाऊ दे," अण्णा म्हणाले, "गर्दी आहे."

गाडी घाटकोपरहूनच सुटते. डब्यात तिघं होते. मीही मान वर केली आणि इंडिकेटर वाचू लागलो.