फेरफार मंजूर

छायाचित्र काढणे हा आमच्या भाऊसाहेबांच्या लेखी केवळ प्राथमिक अर्ज होय. त्यावरचा खरा हुकूम रात्री जेवणानंतर, चष्मा कपाळावर सरकवून ते संगणकासमोर बसले म्हणजे सुटतो. दिवसा आंबोलीच्या धबधब्यापाशी जे दिसले ते सृष्टीने घाईघाईत केलेले कच्चे टिपण असून त्याची पक्की नक्कल करण्याचा अधिकार विधात्याने आपल्याकडे वर्ग केला आहे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे. आणि या अधिकाराची अंमलबजावणी ते इतक्या तत्परतेने करतात, की दुसऱ्या दिवशी ते चित्र पाहिल्यावर, आपणही काल तेथेच त्यांच्या शेजारी भिजत उभे होतो, हे मला शपथेवर सांगता येऊ नये.

आकाश तर त्यांना कधीच पसंत पडत नाही. २०२० साली फोटोशॉपमध्ये आकाश बदलण्याची आयती सोय झाली, तेव्हापासून आमच्या गावावर ऐन आषाढातदेखील सूर्यास्ताची आरक्त कमान उभी असते, आणि तिच्याखाली माणसांच्या सावल्या मात्र भर दुपारच्या, पायाशी गोळा झालेल्या असतात. हा आक्षेप मी एकदा नम्रपणे मांडला, तेव्हा त्यांनी गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराचा दाखला पुढे केला: १८५० च्या दशकात काचेवरील रसायन निळ्या प्रकाशाला इतके हळवे असे, की समुद्र नीट उमटेपर्यंत आकाश कोरे पडे, म्हणून त्याने समुद्राची एक आणि आकाशाची दुसरी अशा दोन काचांवरून एकच चित्र छापले. दाखला बिनतोड होता. ल ग्रेने नारळीपौर्णिमेच्या मिरवणुकीवर नॉर्वेचा ध्रुवप्रकाश पसरला नव्हता, एवढे मी मनातल्या मनात म्हटले.

भिंगे आणि फिल्म घडविणाऱ्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या खपून जे दोष घालविले, ते भाऊसाहेब निष्ठेने परत आणतात, ही त्यांच्या कलेतील मला सर्वांत लोभस वाटणारी गोष्ट. काळवंडलेले कोपरे, सूर्यासमोर भिंग धरले असता उठणारी तेजोवलये, फिल्मचे खरखरीत रवे, या साऱ्यांना त्यांच्या दरबारी मानाची खुर्ची आहे. कागदावरील चांदीचे सिल्व्हर सल्फाइड होऊन छायाचित्र अधिक टिकते, म्हणून जुने छायाचित्रकार जी तपकिरी सेपिया छटा रसायनात बुडवून आणीत, ती हे गृहस्थ परवा जन्मलेल्या नातवावर चढवितात, आणि ते अर्भक पाळण्यातच एखाद्या संस्थानच्या दिवाणासारखे दिसू लागते.

याच भाऊसाहेबांनी महसूल खात्यात अव्वल कारकून असताना सातबाऱ्यावरील एकेका खाडाखोडीपायी खातेदारांना हेलपाटे घालावयास लाविले होते, आणि मूळ कागद डोळ्यांखालून गेल्यावाचून कुठल्याही नकलेवर सही केली नव्हती, असे त्यांचे जुने सहकारी अद्याप आदराने सांगतात. घरी मात्र मूळ प्रत राखण्याचा शिरस्ता नाही. फेरफार जुन्याच फाइलवर नोंदविला जातो आणि पूर्वीचा दस्तऐवज कायमचा निकालात निघतो. वहिनींच्या साठीनिमित्त त्यांच्या छायाचित्रातील कांती त्यांनी अशी काही तुकतुकीत केली, की सुरकुत्यांबरोबर हनुवटीवरचे लहानपणचे गोंदणही नाहीसे झाले.

"आईनं जत्रेत गोंदवून घेतलं होतं ते. होतं तिथं आणून ठेवा," वहिनींनी फर्माविले.

मूळ चित्र उरलेच नसल्याने भाऊसाहेबांनी रात्र जागून, निव्वळ स्मरणाच्या आधारे, तीन हिरवे ठिपके नव्याने रेखिले. वहिनींनी चष्मा लावून ते बराच वेळ निरखले.

"हे वन्संचं आहे," एवढे म्हणून त्या दूध उतास जाते की काय, ते पाहावयास आत गेल्या.