टिकली कुठल्या घरातली?

शाळेतून 'उद्या १०० काड्या आणि १० रबरबँड पाठवणे' असा निरोप आला की समजावे, वर्गात दशक आला. मग घरोघरी आइसक्रीमच्या काड्या, गूल काढलेल्या काडेपेटीच्या काड्या, खराट्याचे हीर असा ऐवज जमू लागतो. दहा सुट्ट्या काड्यांचा एक गठ्ठा, दहा गठ्ठ्यांचा एक भारा. वहीच्या पानावर जुन्या लग्नपत्रिकांची पाकिटे चिकटतात: उजवीकडे एकक, मधे दशक, डावीकडे शतक. वही फुगते, दप्तराची चेन लागत नाही, पण इथवर मुलांना काहीही अडत नाही.

अडते ते लिहिताना. तिसरीतल्या नातीला म्हटले, 'एकशे पंचवीस लिही.' तिने १००२५ लिहिले. घरच्यांनी कपाळाला हात लावला. मला मात्र ती थेट सातवाहनांच्या काळातली वाटली. जुन्नरजवळ नाणेघाटाच्या लेण्यात राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा लेख आहे. यज्ञात दान दिलेल्या गाई, घोडे, कार्षापणे, सगळ्यांचा हिशेब भिंतीवर कोरलेला. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या अंकांत दहाला निराळी खूण, शंभराला निराळी, हजाराला आणखी निराळी. त्या रीतीने एकशे पंचवीस म्हणजे शंभराची खूण, तिच्या शेजारी विसाची, मग पाचाची. नातीचे गणित चुकले नव्हते, तिला थोडा उशीर झाला होता एवढेच.

(बावन्न सांगितल्यावर २५ लिहिणारी मुले वेगळी. ती बिचारी कानाने ऐकलेले इमानाने लिहितात: दोन आधी, पन्नास नंतर. त्यांच्यासाठी २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' आले, तर वाद विधिमंडळापर्यंत गेला. दोन अंकी संख्येने एवढी मजल क्वचितच मारली असेल.)

काड्यांशी माझे एक भांडण आहे. दहाचा गठ्ठा एककाच्या पाकिटात टाकला तरी त्यात काड्या दहाच राहतात. किंमत गठ्ठ्याच्या अंगातच असते, जागेचे तिच्याशी काही देणेघेणे नाही. म्हणून मी आजीचे टिकल्यांचे पाकीट पळवले. सगळ्या टिकल्या लाल, एका मापाच्या. पानावर श, द, ए अशी तीन घरे आखली. टिकली एककात लावली, एक. तीच सोडवून दशकात लावली, दहा.

"आबा, टिकली तर तीच आहे ना!"

तक्रार रास्त होती. मी तिला तिच्या काकूची आठवण करून दिली. पुतण्याच्या लग्नात काकू तिसऱ्या पंगतीला जेवली, कुणी विचारलेही नाही. पुढे स्वतःच्या मुलाच्या लग्नात वरमाई म्हणून तिचे पाय धुतले. काकू तीच. नातीने मान डोलावली. तिलाही त्या लग्नात करवलीचा मान मिळाला होता.

मग दोनशे पाच. शतकात दोन टिकल्या, एककात पाच, दशकाचे घर मोकळे. अगदी बरोबर. घरे आखलेली असली की मोकळे घरसुद्धा बोलते. शेजारच्या पानावर रेघा न मारता तीच संख्या लिहायला सांगितली तर २५ झाले, आणि ती आपणहूनच थबकली. बॅबिलोनचे लेखनिक अशी नुसती जागा सोडून शतकानुशतके कारभार चालवत होते, तर हिला दोन मिनिटे लागली म्हणून काय बिघडले? आपल्याकडे ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरच्या देवळात इसवी सन ८७६ चा लेख आहे. त्यातल्या २७० मध्ये वाटोळे शून्य ऐटीत बसले आहे. नातीने त्या मोकळ्या जागी, टिकली नाही हे दाखवायला, पेन्सिलीने टिकलीची नुसती कड काढली. मी काही बोललो नाही. बोललो असतो तर तिला ते धड्यातले वाटले असते.

पुढे हव्यास वाढला. डावीकडे हजाराचे घर आले आणि जुन्या टिकल्या उपटून तिथे दाटीवाटीने लावल्या गेल्या. तेवढ्यात देवळात निघालेली आजी आरशापुढचे पाकीट शोधत आली.

"आजी, नऊच तर घेतल्यात!"

आजीने चष्मा नीट केला, वहीत डोकावली आणि विचारले, "कुठल्या घरातल्या नऊ?"