कोरेगावचं आरमार

बोट बाळगायची तर समुद्राकाठी घर हवं, अशी एक समजूत आहे. ज्यांनी कधी बोट बाळगली नाही, त्यांनी ती पसरवली आहे. शिडाची जुनी बोट ज्याच्या गळ्यात पडली, त्याचं आयुष्य कोरड्या जमिनीवर, हातात पाना घेऊन, न हलणाऱ्या बोल्टाकडे बघण्यात जातं. त्याला समुद्र लागत नाही, मिस्त्री लागतो. आणि मिस्त्रीच्या बाबतीत आमचं कोरेगाव कुलाब्याला हार जाणारं नाही.

तसा सातारा जिल्ह्यातल्या या कोरेगावचा आणि पाण्याचा संबंध बेताचाच. आम्ही समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून उंच, मध्ये अख्खा सह्याद्री आडवा. गावातून तीळगंगा वाहते, पण ती पावसाळ्यात. तालुक्याचं नाव आल्यासाठी आणि घेवड्यासाठी. वाघ्या घेवड्याला तर भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. जहाजांच्या संदर्भात आमच्या नावाचा विचार मात्र अजून कुणी केला नव्हता.

तो माझ्या भाच्याने केला. भाचा मुंबईत कॉम्प्युटरच्या कंपनीत असतो. त्याने आणि तीन मित्रांनी मिळून फायबरग्लासची एक सव्वीस फुटी शिडाची बोट घेतली. बोट चौघांहूनही वयाने मोठी. ‘किरकोळ कामं आहेत’ असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. हे वाक्य आमच्या बाजारात जुना ट्रॅक्टर विकताना वापरतात, आणि ऐकणारा तिथल्या तिथे निम्मी किंमत करतो. भाच्याने पूर्ण किंमत दिली.

मुंबईत पावसाळ्यात शिडाच्या बोटी पाण्याबाहेर काढून ठेवतात. मच्छीमारीलाही 1 जून ते 31 जुलै बंदी असते. नेमक्या त्याच दिवसांत आमच्याकडे साखर कारखान्यांचा पट्टा पडलेला असतो, म्हणजे गाळप बंद असतं, आणि मशिनरी उघडून पसरलेली असते. म्हणजे मुंबईच्या बोटी आणि साताऱ्याचे कारखाने यांचा दुरुस्तीचा हंगाम एकच. हा योग भाच्याने हेरला आणि पहिल्या पावसात दोन पोती घेऊन तो आमच्या ओट्यावर उतरला.

“आत्या, डेकवरचं सगळं सामान काढून आणलंय. मुंबईत नुसतं बघायचेसुद्धा पैसे मागतात.”

पोत्यांतून विंच निघाले, कप्प्या निघाल्या, क्लीट, टर्नबकल, कठड्याचे खांब आणि पिशवीभर बोल्ट निघाले. आमचे हे कारखान्याच्या शेती खात्यातून निवृत्त झालेत. उसाची मोळी सोडली तर कुठल्याही ओझ्याकडे ते संशयानेच बघतात. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, “काय भावानं घेतलं भंगार?”

मी सामान घेऊन लेथवाल्या मिस्त्रींकडे गेले. मिस्त्री माझे विद्यार्थी. नववीत मी त्यांना विज्ञान शिकवलं आणि त्यांनी ते अजिबात मनावर घेतलं नाही. बहुधा म्हणूनच त्यांचा हात इतका चांगला आहे. त्यांनी विंच उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाले, “बाई, ही तर यारी हाय.”

विहिरीतला दगड-मुरूम वर काढायची यारी ज्याने पाहिली आहे, त्याला बोटीचा विंच नव्याने सांगावा लागत नाही. ड्रमला दोराचे वेढे द्यायचे, हँडल फिरवायचं, दातेरी चक्र ओढ वाढवतं. विंचवर आकडा होता 40. हँडलवर एक किलोचा जोर दिला तर दोराला चाळीस किलोची ओढ, असा त्याचा हिशेब. हे घर्षण नगण्य मानून. आणि घर्षण नगण्य मी आजवर फक्त पाठ्यपुस्तकात पाहिलेलं आहे. या विंचमध्ये वीस वर्षांचं वाळलेलं ग्रीस होतं. हँडल फिरवायला दोन माणसं लागत होती आणि फिरत तर काहीच नव्हतं.

ड्रम वर उचलला तेव्हा आतून बेअरिंगच्या लाटण्या आणि कुत्री बाहेर पडली. सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये असतात तीच कुत्री; चक्राला मागे फिरू देत नाहीत. ती ग्रीसमध्ये अशी चिकटली होती की स्प्रिंगांनी प्रयत्न सोडून दिला होता. सगळं रॉकेलमध्ये धुऊन निघालं. मिस्त्रींनी ग्रीसचा डबा उघडला, तशी मी ओरडले. गिअरला ग्रीस चालेल, कुत्र्यांना फक्त पातळ तेलाचा थेंब. कुत्रं चिकटलं तर भर वाऱ्यात हँडल उलटं फिरतं आणि मनगट मोडतं. मिस्त्रींच्या कारकिर्दीत ‘ग्रीस कमी लाव’ असं त्यांना कुणी सांगितल्याची ही पहिलीच वेळ. ते दुपारभर गप्प होते.

त्यांचा अबोला दुसऱ्या विंचने मोडला. तो दोन गतींचा होता. हँडल सुलट फिरवलं की दोर भराभर येतो. ओढ जड झाली की हँडल उलट फिरवायचं, मग दोर सावकाश येतो, पण ताकद वाढते. गंमत अशी की हँडल कसंही फिरवा, ड्रम एकाच दिशेने फिरतो. मिस्त्रींनी ते पुन:पुन्हा करून पाहिलं, शेजारच्या मोटर रिवाइंडिंगवाल्याला बोलावून दाखवलं आणि म्हणाले, “आपल्या तालुक्याच्या राजकारणागत हाय बघा. कसंबी फिरवा, दोर एकाच ड्रमला गुंडाळतोय.”

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. ‘बाईंनी जहाज घेतलं’ इथपासून ‘कोरेगावला बंदर होणार, जमिनी घेऊन ठेवा’ इथपर्यंत. ह्यांना चहाच्या टपरीवर तोंड दाखवणं अवघड झालं. “साताऱ्याच्या माणसानं समुद्राच्या नादाला लागू नये,” ते म्हणाले. मग मला इतिहासात शिरावं लागलं. कान्होजी आंग्रे सरखेल कुणाचे? साताऱ्याच्या शाहू छत्रपतींचे. बाळाजी विश्वनाथांनी त्यांना शाहूंच्या बाजूला वळवलं, म्हणून ते शक्य झालं. म्हणजे पश्चिम किनाऱ्यावर इंग्रज आणि पोर्तुगीज ज्या आरमाराला बिचकत होते, त्याचे मालक अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी बसून कारभार बघत होते. मालकाने समुद्राकाठी राहू नये, ही परंपरा इथलीच आहे.

शिवाय यंत्राचं म्हणाल, तर सातारा रोड आमच्याच तालुक्यात. धनजीशा कूपर यांनी तिथे 1922 मध्ये कारखाना काढला. लोखंडी नांगरापासून डिझेल इंजिनापर्यंत सगळं तिथे ओतलं गेलं. हेच कूपर 1937 मध्ये काही महिने मुंबई इलाख्याचे पहिले पंतप्रधान होते. तो कारखाना पुढे गेला वालचंद समूहाकडे. आणि वालचंद हिराचंद म्हणजे 1919 मध्ये ‘लॉयल्टी’ जहाज इंग्लंडला धाडून गोऱ्या जहाज कंपन्यांची झोप उडवणारे, विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा कारखाना काढणारे. ह्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “त्यांनी पोती ओट्यावर ठेवली होती का?”

पुढचा अध्याय स्टेनलेस स्टीलचा. बोल्ट नवे हवे होते. दुकानदाराने चुंबक लावून दाखवला, “बघा, चिकटत नाही. अस्सल एस.एस.” आता 304 नंबरचं स्टीलही चिकटत नाही आणि 316 नंबरचंही चिकटत नाही. फरक असा की 316 मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि ते खाऱ्या पाण्यापुढे बराच काळ तग धरतं. 304 दुधाच्या कॅनला उत्तम, बोटीवर मात्र तपकिरी अश्रू ढाळतं. त्यातही स्टीलची एक खोड आहे. त्याच्या अंगावरची क्रोमियमच्या ऑक्साइडची साय टिकायला हवा लागते. डेकच्या भोकात, ओल्या सीलखाली हवा पोचत नाही, आणि बोल्ट नेमका तिथेच आतून खंगत जातो. वरचा माथा आरशागत, खालचा आटा शाबूत आणि मधली कंबर काडीएवढी. भाच्याच्या पिशवीत असे डझनभर निघाले. याच बोल्टांच्या भरवशावर चौघेजण मांडव्यापर्यंत जाऊन आले होते.

कठड्याचे खांब देवळांची रेलिंग करणाऱ्या फॅब्रिकेटरने सरळ केले. काम देखणं झालं. फक्त सवयीने त्याने एका खांबाच्या टोकाला कळस बसवला होता, तो कापावा लागला.

सामान तयार झाल्यावर मी आणि मिस्त्री मुंबईला गेलो. यार्डात बोट लाकडी घोड्यांवर उभी होती. जुनी डेक दोन फायबरच्या पापुद्र्यांची असते आणि मधल्या थरात बाल्सा लाकूड भरलेलं असतं, वजनाला हलकं आणि ताठ. स्क्रूचं सील सुटलं की पाणी या थरात शिरतं आणि वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतं. मिस्त्रींनी हातोडीच्या दांड्याने डेक ठोकायला सुरुवात केली. चांगल्या जागी ‘टण’ वाजायचं, सडक्या जागी ‘भद्’. ते ठोकत गेले, मी खडूने गोल काढत गेले. भाचा आधी मोजत होता. मग त्याने मोजणं सोडलं आणि भागीदारांना फोन लावायला घेतले.

उपाय कष्टाचा, पण सोपा. प्रत्येक भोक मोठं करायचं. ड्रिलमध्ये वाकडा खिळा धरून आतला लगदा चौफेर खरवडायचा, नीट वाळवायचं, मग घट्ट केलेलं इपॉक्सी भरायचं. ते कडक झालं की त्याच्या बरोबर मध्ये बोल्टापुरतं नवं भोक पाडायचं. पुन्हा सील फुटलं तरी पाणी इपॉक्सीशी डोकं आपटून घेतं, लाकडापर्यंत जात नाही. आणि खालून जाड पट्टी द्यायची, म्हणजे ओढ एका नटावर येत नाही. इपॉक्सी जास्त कालवून कपात ठेवू नये, असं मी बजावून सांगितलं होतं; घट्ट होताना ते तापतं. एका भागीदाराने वेळ वाचवण्यासाठी भांडंभर कालवलं. भांड्यातून धूर निघाला, भांडं वितळलं, आणि वेळ खरोखरच वाचला, कारण तो भागीदार पुन्हा कामावर आला नाही.

अशा वेळी धीर द्यायला मोठ्यांची चरित्रं उपयोगी पडतात. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी 14 जून 1968 ते 22 एप्रिल 1969 असे 312 दिवस एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. अशी प्रदक्षिणा करणारे ते पहिले. त्यांची ‘सुहेली’ ही बत्तीस फुटी सागवानी बोट आपल्या मुंबईत बांधलेली. वाटेत तिला गळती लागली, तेव्हा त्यांनी भर समुद्रात बुडी मारून सांध्यात कापूस ठोकला. मध्ये शार्क आला, त्याला गोळी घातली आणि पुन्हा ठोकत बसले. आपले कमांडर दिलीप दोंदे ऑगस्ट 2009 ते मे 2010 या काळात एकट्याने जग फिरून आले. अशी सफर करणारे ते पहिले भारतीय. त्यांची ‘म्हादेई’ रत्नाकर दांडेकरांनी गोव्यात मांडवीतल्या दिवाडी बेटावर बांधली. हे मी मिस्त्रींना सांगितलं. त्यांना एकच शंका आली, “शार्क असताना हातोडी सुटली न्हाई का वो त्येंची?”

काम संपत आलं तेव्हा भाच्याने ‘अपग्रेड’ हा शब्द उच्चारला. दुरुस्तीला शेवट असतो; अपग्रेडला नसतो. त्याला सगळे दोर डोलकाठीपासून मागे, बसायच्या जागेपर्यंत आणायचे होते, म्हणजे लाटांत पुढे जावं लागणार नाही. विचार शहाणपणाचा. पण दोर वळवायचा तर कप्पी हवी, कप्पी बसवायची तर भोकं हवीत, भोकं पाडायची तर ती आधी इपॉक्सीने भरायला हवीत. शिवाय प्रत्येक वळणावर घर्षण आपला वाटा घेतं. मग ओढायला जास्त ताकदीचा विंच हवा. तो युरोपातून येणार, वर कस्टम ड्युटी. त्या रकमेत आमच्याकडे ठिबकसकट एकरभर आलं उभं राहतं. आल्याला निदान भाव पडायचा तरी असतो.

पाऊस सरल्यावर बोट पाण्यात उतरली आणि मिस्त्रींना मानाने खांदेरीच्या दिशेला नेलं. खांदेरीला आता कान्होजी आंग्रे बेट म्हणतात, तेव्हा सातारकरांचा तिथे हक्कच आहे. वारा भरला, शीड फुगलं, विंचमधली कुत्री टकटक बोलू लागली. मी समुद्र पाहिला, भाच्याने शीड पाहिलं. मिस्त्री डेकवर पालथे पडून डोलकाठीचं बूड बघत होते. वर येऊन म्हणाले, “बाई, ह्या बुडाला आलुमिनम आन् स्टीलचा स्क्रू जवळजवळ हाय. खारं पाणी आलुमिनमला खाणार. पुढच्या पट्ट्याला हे काढूनच आना.” नववीतला धातूंचा धडा मनावर घ्यायला त्यांना इतकी वर्षं आणि एक समुद्र लागला.

भाचा बोट विकायचा विचार करतो आहे. ‘किरकोळ कामं आहेत’ हे वाक्य त्याने आत्ताच पाठ करून ठेवलंय. मिस्त्रींचा धंदा मात्र वाढला. परवा एक यारीवाला दुकानात येऊन बसला होता. उलट फिरवली तरी सुलट ओढणारी यारी त्यालाही हवी आहे. मिस्त्रींनी कागदावर गिअर काढून दाखवले, खर्च सांगितला. यारीवाला बराच वेळ डोकं खाजवत बसला आणि म्हणाला, “एवढ्यात जहाजच येईल की!”

“येतंय,” मिस्त्री म्हणाले. “बाईंच्या भाच्याचं हाय. किरकोळ कामं हायत.”