पांढऱ्या चेटकिणीचा कारभार

सी. एस. लुईसच्या १९५० सालच्या नार्नियाकथेतली पांढरी चेटकीण जादूसाठी उगाचच गाजली. तिचा खरा हातखंडा कारभारात आहे. शंभर वर्षं हिवाळा चालू ठेवायचा आणि नाताळ मात्र येऊ द्यायचा नाही, म्हणजे हाल कायमचे आणि सण बेमुदत तहकूब, हे धोरण मंत्राने सुचत नाही. तिच्याकडे गुप्त पोलीस आहेत, त्यांचा प्रमुख लांडगा आहे, आणि टम्नस फॉनच्या घराची नासधूस झाल्यावर तिथे राजद्रोहाच्या अटकेची सही केलेली नोटीसही आढळते. नासधूस बेफाम, पण कागद रीतसर!

कुणी म्हणेल, विरोधकाचा दगड करणारी कांडी आहे की तिच्या हातात. आहे, पण कांडीने भागलं असतं तर खबरे कशाला पोसायचे? एडमंड या ब्रिटिश पोरावर उगारलेली कांडी ती वापरत नाही. टर्किश डिलाइटचा डबा पुढे करते, वर राजपदाचं आश्वासन. मिठाई मंतरलेली होती, हे कबूल. पण ज्या ब्रिटनमध्ये गोडधोड १९५३ पर्यंत रेशनवर होतं, तिथल्या पोराला फितवायला मंत्र हवाच होता असं नाही. शिवाय बाईंना कायदा तोंडपाठ. फितूर माझ्या मालकीचा, असं ती थेट अस्लान सिंहाला सुनावते आणि त्यालाही ते नाकारता येत नाही. फसते ती एकाच ठिकाणी: काळाच्या आरंभाआधीचं कलम तिने वाचलेलंच नसतं. इतक्या जुन्या फायली कोण उघडतं म्हणा!