नव्या कराराचे मामा

३१ डिसेंबरची रात्र, चर्चमधली वॉच नाईट. बाराला वीस मिनिटं कमी असतात. पाळकसाहेब विचारतात, “अजून कुणाची साक्ष?” आणि आमची सगळी मंडळी एकदम माना वळवून मामांकडे बघते.

मामा उठतात. मफलर सोडतात. खिशातून वहीचं चौघडी पान काढतात, चष्मा शोधतात, तो कपाळावरच सापडतो. मामा एसटीत कंडक्टर होते, त्यामुळे साक्षही प्रत्येक थांबा घेत येते. सुरुवात आजोबांपासून, म्हणजे थेट निजामाच्या राज्यातून. १९४८ चं पोलीस ॲक्शन येतं न येतं तोच बाहेर गल्लीत फटाके वाजायला लागतात. अहमदपुरात नवं वर्ष लागलेलं असतं आणि मामा अजून हैदराबाद संस्थानातच.

मग घाईघाईत करार वाचून दाखवतात. बायबलात कसे जुना करार आणि नवा करार असे दोन भाग, तसे मामांचेही दोन. गेल्या डिसेंबरचा तो जुना, यंदाचा नवा. मजकूर मात्र दोन्हींत एकच. एक, तंबाखू बंद. दोन, वर्षात बायबल संपवणे. तीन, धाकट्याशी बोलणे. धाकटा म्हणजे सख्खा भाऊ. बांध कुणी कोरला यावरून सात वर्षांपूर्वी अबोला झाला, आणि बांध अजून तिथंच आहे.

तंबाखूचं आधी सांगतो, कारण ते लवकर संपतं. मामा वॉच नाईटला चुन्याची डबी पाळकसाहेबांच्या हाती देतात. भर उपासनेत, डोळे भरून. ५ जानेवारीच्या सुमारास पार्सनेजच्या दारात हजर. “सलाम पाळकसाहेब. तेवढी डबी द्या. चुना टाकून दिला तरी चालंल, पण डबी सासऱ्याची हाय.” पाळकसाहेब कपाट उघडून विचारतात, “यातली कोणती?” आत नऊ डब्या आहेत. सासरे एकच होते.

पाळकसाहेब वाचणारे आहेत. त्यांनी एकदा मामांना बसवून इतिहास सांगितला. इंग्लंडात किंग्जवूडला कोळशाच्या खाणीतले मजूर शनिवारची रात्र दारूच्या गुत्त्यात काढायचे. मनपरिवर्तन झाल्यावर तीच रात्र ते प्रार्थनेत काढू लागले आणि ते बघून जॉन वेस्लींनी जागरणाची उपासना उचलून धरली. पुढं त्याच वेस्लींनी ११ ऑगस्ट १७५५ ला लंडनमध्ये देवाशी करार नवा करण्याची उपासना घेतली. ती नव्या वर्षाला चिकटली नंतर. सांगण्याचा हेतू असा की, ज्या वेळेला तलफ येते ती वेळच दुसऱ्या कामाला लावावी. मामांनी सगळं मन लावून ऐकलं आणि त्यातला एकच शब्द घरी नेला. “ऑगस्ट! म्हंजे ऑगस्टपर्यंत मुदत हाय म्हना की.”

मामींचं मत वेगळं. त्यांच्या घरी शेती होती. “सालगड्याचा करार पाडव्याला हुतो. उचल घेतो, पन वरीसभर राबतो तरी. तुम्ही देवाची उचल घेऊलालाव आन् दुसऱ्या दिवशी पळूलालाव.”

बायबलाचा हिशोब मामांनी कंडक्टरी पद्धतीने केला आहे. अध्याय ११८९. रोज तीन आणि रविवारी पाच वाचले की वर्षात गाडी डेपोत. उत्पत्तीचे ५० अध्याय मामा कादंबरीसारखे वाचतात. निर्गमात लाल समुद्र दुभंगेपर्यंत उत्साह टिकतो, पुढं मंडपाचे पडदे आणि हात-वीत मापं लागली की जांभया. तरी २६ जानेवारीच्या झेंडावंदनाच्या आसपास निर्गम संपतंच. मग येतं लेवीय. अंगावरचे चट्टे कसे तपासावेत हे तेराव्या अध्यायात, आणि चौदाव्यात घराच्या भिंतींवरचे. एका वर्षी मामांनी वाचता वाचता मान वर केली, तर समोर भिंतीला ओल. लगेच चुना आणला. भिंतीला लावला, मग राहिलेला बघून तळहाताकडं लक्ष गेलं. त्या दिवशी करारातली दोन कलमं एकदम मोडली.

यावर पाळकसाहेब रागावत नाहीत हे मामांना आवडत नाही. रागावले असते तर पश्चात्ताप तरी करता आला असता. उलट मामाच पौलाचा दाखला देतात. “रोमकरांस पत्र, सातवा अध्याय. करायचं ते हातून हुत न्हाई, नको ते हुतं. खुद्द पौल म्हनलाय.” पाळकसाहेब म्हणतात, “त्याच्या पुढं आठवा पण आहे, मामा.” मामा म्हणतात, “यादीनं चाललोय. मधीच उडी मारत न्हाई.”

राहिला धाकटा. आमच्याकडची येळवस, म्हणजे शेतात साजरी होणारी वेळ अमावस्या, तिथीने येते, कधी ख्रिसमसच्या आधी, कधी नव्या वर्षात. मामींकडे पांडव मांडत नाहीत, पूजा नसते, पण भज्जी आणि आंबील होते. भज्जीचा वास एकदा सुटल्यावर धर्म कोण विचारतो? २०२४ ने तर दोन येळवशी दिल्या, ११ जानेवारीला एक आणि ३० डिसेंबरला दुसरी. जानेवारीत मामा बांधापर्यंत गेले, बाभळीला शेंगा किती लागल्यात ते बघितल्यासारखं केलं आणि परत आले. डिसेंबरात मामींचे गुडघे धरले, म्हणून आंबिलीचं मडकं त्यांनी मामांच्या हाती दिलं. “नुसतं बांधावर ठेवून या. बोलू नका.”

मामांनी ठेवलं आणि वळले. दहा पावलं आले असतील, तोच मागून आवाज आला.

“मीठ कमी हाय.”

मामा उभेच राहिले. मग खोपीत गेले, मीठ मुठीत घेतलं आणि परत फिरले. मीठ हातावर देऊ नये, भांडण होतं म्हणतात. यांचं आधीच झालेलं होतं, म्हणून मामांनी ते सरळ धाकट्याच्या तळहातावरच ठेवलं.

दुसऱ्या रात्री वॉच नाईट. पान तेच, घडीवर फाटलेलं. एक, तंबाखू बंद. दोन, बायबल, लेवीय चौदापासून. तीन, धाकट्याशी बोलणे.

बायकांच्या बाजूने मामींचा आवाज आला, “काल झालं की ते! कशाला वाचूलालाव?”

मामांनी चष्म्यावरून बघितलं. “त्यो बोलला. म्या कुठं बोललो? म्या नुसतं मीठ दिलं.”

आणि बाहेर फटाके सुरू झाले.